थॉमस मन्रो आणि रयतवारी

कायमधारा, रयतवारी, महालवारी असे तीन शब्द आपण फळ्यावर लिहितो, मुलं पाठ करतात, धडा संपतो. रयतवारी ज्याच्या नावाशी जोडली गेली तो माणूस मात्र बाजूलाच राहतो.

थॉमस मन्रो १७६१ साली ग्लासगोत जन्मला. वडिलांचा व्यापार अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बुडाला आणि हा १७८० मध्ये कंपनीच्या फौजेत साधा कॅडेट म्हणून मद्रासला आला. हैदर आणि टिपूविरुद्ध लढला. १७९२ साली टिपूकडून बारामहाल (आजचा सेलम-धर्मपुरीकडचा भाग) कंपनीला मिळाला, तेव्हा कॅप्टन रीडच्या हाताखाली तो वसुलीच्या कामाला लागला. तिथे सात वर्षं गावोगाव फिरला.

बंगालात कॉर्नवॉलिसने १७९३ ला जमीनदारांशी कायमचा करार केला होता. मन्रोला तो पटला नाही. मधला जमीनदार कशाला? शेत मोजा, प्रत ठरवा, कसणाऱ्याच्याच नावावर पट्टा करा आणि सारा थेट घ्या, असं त्याचं म्हणणं. कागदावर हे शेतकऱ्याच्या बाजूचंच वाटतं. पण सारा किती, इथे सगळं अडलं.

१८०० ते १८०७ तो रायलसीमेत होता. तिथला सारा इतका जड की जाताना त्यानेच पाव हिस्सा कमी करा असं सरकारला कळवलं. सरकारने ऐकलं नाही, उलट गावं मक्त्याने देऊन टाकली. पुढे १८२० मध्ये मन्रो स्वतः मद्रासचा गव्हर्नर झाला आणि रयतवारी परत आली. १८२७ च्या जुलैत पत्तिकोंड्याला कॉलऱ्याने तो गेला. त्या भागात पुढे मुलांची नावं मन्रोलप्पा ठेवत, म्हणजे लोकांच्या मनात त्याच्याविषयी आपलेपणा होता हे मान्य करायलाच हवं.

हीच पद्धत आपल्याकडे आली. प्रिंगलने पुणे भागात निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला. तो भरणं झेपेना, तेव्हा कित्येकांनी जमिनी टाकून गावं सोडली. मग विंगेट आणि गोल्डस्मिडने इंदापुरापासून दर उतरवून ३० वर्षांसाठी बांधून दिले. मुदत संपल्यावर ते पुन्हा चढले. पाऊस पडो न पडो, सारा रोखीतच आणि ठरल्या तारखेलाच भरायचा. हाती रोकड नाही, म्हणून सावकाराचं दार. जमीन नावावर होती, म्हणूनच ती गहाणही पडू शकत होती. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जाची खतं ओढून बाहेर काढली आणि जाळली.