कैलासचंद्र महिंद्रा

कैलासचंद्र महिंद्रा (जन्म : इ.स. १८९४, लुधियाना, मृत्यू : इ.स. १९६३) हे भारतीय उद्योजक आणि महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. ते के. सी. महिंद्रा या नावाने परिचित होते. चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरवणारी जीप भारतात आणण्यात आणि येथे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जीवन

वडिलांचे निधन लवकर झाल्याने कुटुंबाची जबाबदारी थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्यावर पडली. कैलासचंद्रांचे शिक्षण लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात आणि पुढे केंब्रिज विद्यापीठात झाले. नंतर ते कोलकात्याच्या मार्टिन कंपनीत होते. त्या कंपनीचे प्रमुख, अभियंते सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचे चरित्र त्यांनी लिहिले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इ.स. १९४२ मध्ये, अमेरिकेतील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तेथे त्यांची भेट विलीज-ओव्हरलँड कंपनीचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी झाली. जीपचा मूळ आराखडा अमेरिकन बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी केला होता. विलीजच्या जीपला ६० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले ते रूस यांच्यामुळे. युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या.

मायदेशी परतल्यावर २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापली. व्यवसाय पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इ.स. १९४८ मध्ये कंपनीला आजचे नाव मिळाले.

जीप

भागीदार दुरावण्याच्या त्याच सुमारास, इ.स. १९४७ मध्ये, कंपनीने ७५ जीप सुट्या भागांच्या रूपात आयात केल्या. इ.स. १९४९ मध्ये मुंबईतील माझगाव येथे जुळणी सुरू झाली. युद्धासाठी बनलेले वाहन शांततेच्या काळात खपेल की नाही, हा प्रश्न खुला होता. पक्क्या रस्त्यांची वानवा असलेल्या देशात मात्र या वाहनाच्या रचनेलाच महत्त्व होते.

इंजिन कितीही जोरकस असले तरी चाकाची जमिनीवर जेवढी पकड असेल तेवढाच जोर कामी येतो. साध्या मोटारीत दोनच चाके गाडी ओढतात. शिवाय वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा वेगाने फिरता यावे म्हणून डिफरन्शियल बसवलेला असतो. एक चाक चिखलात घसरले की हीच सोय अडचण ठरते : ते चाक गरगरत राहते आणि कोरड्या जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. जीपमध्ये गिअरबॉक्सला ट्रान्स्फर केस जोडून पुढच्या आसालाही जोर दिलेला होता. चालकाजवळच्या दोन आखूड लिव्हरांपैकी एकाने पुढचा आस जोडता येई, तर दुसऱ्याने वेग सुमारे निम्मा होऊन ओढ जवळजवळ दुप्पट होई. पुढचा आस जोडल्याशिवाय हा मंद गिअर पडत नसे, कारण एवढा ताण एकट्या मागच्या आसाने सोसावा अशी अपेक्षा नव्हती. डांबरी रस्त्यावर पुढचा आस सोडवणे आवश्यक असे. वळणावर पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर कापतात. दोन आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने टायर घासत आणि दातेरी चाकांवर ताण येई. चार चाकांच्या ओढीने ब्रेक मात्र अधिक चांगले लागत नाहीत, हे पुष्कळदा विसरले जाते.

इ.स. १९५१ मध्ये जगदीशचंद्रांचे निधन झाले. इ.स. १९५४ मध्ये विलीजच्या सहकार्याने भारतातच टप्प्याटप्प्याने जीपचे उत्पादन सुरू झाले. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप येथे पुढे अनेक दशके बनत राहिली.

नंतरचा काळ

सैन्य, पोलीस आणि वनखात्यात जीप स्थिरावली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ती वडाप म्हणून जास्त ओळखीची झाली. पण या वापरातल्या अनेक गाड्यांच्या पुढच्या आसाला जोर नसे. जीपची आकृती टिकली आणि तिचे मर्म काढून टाकले गेले, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

आजच्या पिकअपलाही हीच बाब लागू पडते. घोड आणि भीमा नद्यांमधील उसाच्या पट्ट्यात, न्हावरे परिसरात, पावसानंतर वापसा येण्याआधी काळ्या रानात उतरलेली रिकामी पिकअप सहज रुतते. तिचे बहुतेक वजन पुढे असते, तर ओढणारी चाके मागे व हलकी असतात. कैलासचंद्रांच्या पश्चात आलेले ट्रॅक्शन कंट्रोल प्रत्येक चाकाची गती मोजते, गरगरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावते किंवा इंजिनाचा जोर कमी करते. त्यामुळे दुसऱ्या चाकाला ओढ मिळते. तथापि दोन चाकांच्या गाडीची त्याने चार चाकांची गाडी होत नाही. खोल चिखलात तर इंजिनाचा जोर कमी होणेच अडचणीचे ठरते, म्हणून अनेक गाड्यांत ही यंत्रणा बंद करण्याचे बटण असते.

अन्य कार्य

इ.स. १९४६ च्या भारतीय कोळसाक्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते. इ.स. १९५३ मध्ये त्यांनी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची स्थापना केली. मुलींच्या शिक्षणासाठीचा नन्ही कली हा प्रकल्प याच संस्थेने इ.स. १९९६ मध्ये सुरू केला. त्यांच्या निधनाच्या वर्षी, इ.स. १९६३ मध्ये, कंपनी ट्रॅक्टरच्या व्यवसायात उतरली आणि कैलासचंद्रांचे पुत्र केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले.