डॉक्टर कार्ल लांडस्टायनर

रोग्यास रक्त देण्यापूर्वी त्याच्या रक्ताचा गट पाहतात, ही गोष्ट आता आमच्या शाळेतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु १९०० सालापूर्वी ती जगातील एकाही वैद्यास ठाऊक नव्हती. १६६७ साली पॅरिस शहरी डेनिस नामक वैद्याने जनावराचे रक्त माणसाच्या शिरेत घालण्याचे धाडस केले. त्यांचा एक रोगी मरण पावला, प्रकरण न्यायासनापुढे गेले व पुढे या उपायावर बंदी आली. १८१८ सालापासून लंडनचे डॉक्टर ब्लंडेल यांनी माणसाचेच रक्त माणसास देण्यास आरंभ केला. बाळंतपणात रक्तस्राव होऊन तरुण स्त्रिया डोळ्यांदेखत मरत, हे त्यांस पाहवेना. त्यांच्या हातून काही वाचल्या, काही दगावल्या. एकास जे जीवन तेच दुसऱ्यास विष का व्हावे, हे कोडे ज्यांनी सोडविले त्या लांडस्टायनर यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म व्हिएन्ना शहरानजीक १४ जून १८६८ रोजी झाला. वडील नावाजलेले पत्रकार होते. पण कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते वारले व मुलाच्या संगोपनाचा सारा भार आईवर पडला. या मातेवर त्यांची भक्ती इतकी की तिच्या मृत्यूनंतर तिच्या मुखाचा ठसा त्यांनी जन्मभर आपल्या भिंतीवर बाळगला. १८९१ साली ते वैद्यकीची पदवी मिळवून बाहेर पडले. आता मुलगा दवाखाना काढील, चार पैसे मिळवील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. हे गृहस्थ मात्र रसायनशास्त्र शिकण्यास निघाले. वुर्ट्‌झबर्ग येथे एमिल फिशर यांच्यासारख्या गुरूच्या प्रयोगशाळेत त्यांनी नव्याने विद्यार्थिदशा पत्करली. आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व यशाचे बीज येथेच आहे. कारण रक्ताकडे त्यांनी वैद्याच्या दृष्टीने पाहिले तसेच रसायनज्ञाच्या दृष्टीनेही पाहिले.

व्हिएन्नास परतल्यावर ते शवविच्छेदनाच्या संस्थेत काम करू लागले. दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांवर प्रेतांची तपासणी केली. त्यातून जो वेळ उरे तो प्रयोगांस. एका माणसाचे रक्तजल दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळले असता त्या पेशी कधी कधी एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके बनतात, हे इतरांनीही पाहिले होते. रोगाने रक्त बिघडले म्हणजे असे होत असावे, अशी त्यांची समजूत. लांडस्टायनर यांनी विचार केला की हे रोग्यांपुरतेच आहे काय, हे निरोगी माणसांवरच पाहिले पाहिजे. त्यांनी स्वतःचे व आपल्या सहकाऱ्यांचे रक्त काढले, पेशी व रक्तजल वेगळे केले आणि प्रत्येकाचे रक्तजल प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून कोष्टक मांडले. बावीस माणसांच्या रक्ताचा हा हिशेब १९०१ साली प्रसिद्ध झाला. साहित्य म्हणावे तर काचेच्या नळ्या व थोडेसे रक्त. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही याहून अधिक सामग्री आहे!

कोष्टकावरून असे दिसले की माणसांचे तीन वर्ग पडतात. त्यांस त्यांनी ए, बी व सी अशी नावे दिली. यांतील सी यासच पुढे ओ म्हणू लागले. ए आणि बी या दोन्ही खुणा एकत्र असलेला चौथा, विरळ गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांस सापडला. या खुणा तांबड्या पेशीच्या आवरणावर असतात, आणि त्या विशिष्ट शर्करांच्या साखळ्या आहेत, हे नंतरच्या संशोधकांनी दाखविले. ए गटाच्या माणसाच्या रक्तजलात बी खुणेविरुद्ध प्रतिद्रव्य असते. बी गटाच्या माणसात ए विरुद्ध. ओ गटात दोहोंविरुद्ध. स्वतःच्या खुणेविरुद्ध मात्र शरीर शस्त्र उगारीत नाही. कोणते आपले व कोणते परके, याचा हा विवेक रक्तात किती सूक्ष्म आहे! परके रक्त शिरेत गेले की ही प्रतिद्रव्ये त्या पेशी फोडून टाकतात, मूत्रपिंडे निकामी होतात व रोगी दगावतो. मात्र हा विवेकही क्वचित सुटतो. थंडीने काही रोग्यांचे मूत्र लाल होते, त्यांत शरीर आपल्याच पेशींवर उलटलेले असते, हे लांडस्टायनर व डोनाथ यांनी १९०४ साली सिद्ध केले.

एवढा मोठा शोध, पण जगाने तो लगेच उचलला नाही. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये ओटेनबर्ग यांनी रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहिले. आणि १९१४-१५ साली सायट्रेटने रक्त गोठू न देण्याची युक्ती निघाल्यावर पहिल्या महायुद्धात रक्तदानाचा खरा उपयोग होऊ लागला.

दरम्यान १९०८ साली लांडस्टायनर यांनी पॉपर यांच्यासह बालपक्षाघाताचा रोग माकडांत संक्रमित करून दाखविला. महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्नाचा व इंधनाचा दुष्काळ पडला. म्हणून १९१९ साली ते हॉलंडमधील हेग शहरी एका लहानशा इस्पितळात नोकरीस राहिले व पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० साली वीनर यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून आणखी एक खूण शोधिली. ही खूण आईत नसून गर्भात असली तर आईचे रक्त पुढच्या अपत्यावर उलटू शकते, हे त्यामुळे उमगले. आज अशा मातेस तयार प्रतिद्रव्य टोचून तिच्या शरीरास ते शस्त्र घडविण्यापासून आधीच परावृत्त करतात. हा उपाय १९६८ साली प्रचारात आला. तो पाहण्यास लांडस्टायनर नव्हते. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांस हृदयविकाराचा झटका आला व दोन दिवसांनी, २६ तारखेस, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कोष्टकास एक पुरवणी आमच्या मुंबईने जोडली आहे. १९५२ साली डॉक्टर वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांस असे रक्त आढळले की जे ओ गटासारखे दिसे, परंतु ओ गटाचे रक्तही त्यास चालेना. ए व बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो पायाच या पेशींवर नसतो, आणि त्या पायाविरुद्धच या लोकांच्या रक्तात प्रतिद्रव्य असते. या गटास जगभर मुंबईचेच नाव आहे. भारतात सुमारे दहा हजारांत एक मनुष्य अशा रक्ताचा निघतो. त्यास अपघात झाला किंवा अशा स्त्रीस बाळंतपणात रक्त लागले, तर स्वतःच्याच गटाचा दाता मिळावा लागतो. म्हणून अशा दात्यांच्या याद्या जपून ठेवतात व वेळप्रसंगी परगावाहून त्यांस बोलावून घेतात.