डॉक्टरकीच्या शिक्षणाची मदत सेवेनं फेडणाऱ्या डॉ. सुझन ला फ्लेश पिकोट

मेडिकलचा 'बॉण्ड' महाराष्ट्रात नवा नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची. अमेरिकेत याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. तिथं डॉक्टर होईपर्यंत अनेकांच्या डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज झालेलं असतं. जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात किमान दोन वर्षं काम केलं, तर त्यातला मोठा हिस्सा सरकार फेडतं.

पैसे देऊन डॉक्टर दुर्गम भागात आणण्याची ही कल्पना आजची वाटते. पण असे कायदे होण्याच्या कितीतरी आधी, १८८६ मध्ये, एका मुलीबरोबर जवळपास असाच करार झाला होता. तिचं नाव सुझन ला फ्लेश. वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली मूळनिवासी अमेरिकन स्त्री. तिनं करार पाळला. त्यासाठी तिला काय मोजावं लागलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

डॉक्टर आलाच नाही

सुझनचा जन्म १७ जून १८६५ चा, नेब्रास्कामधल्या ओमाहा जमातीच्या रिझर्व्हेशनवरचा. रिझर्व्हेशन म्हणजे सरकारनं जमातीला नेमून दिलेला राखीव प्रदेश. वडील जोसेफ ला फ्लेश जमातीचे प्रमुख होते. गोऱ्या लोकांचं राज्य आता हटणार नाही, तेव्हा मुलांनी त्यांची विद्या शिकून टिकून राहावं, असं त्यांचं मत होतं.

रिझर्व्हेशनवर सरकारी डॉक्टर असायचा, पण तो येईलच याचा भरवसा नसायचा. सुझन लहान असताना एका आजारी म्हातारीच्या उशाशी बसली होती. डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप धाडले, तो आला नाही आणि पहाटेपर्यंत म्हातारी गेली. डॉक्टर शिकारीला गेला होता, असं सांगितलं जातं. डॉक्टर व्हायचं तिच्या मनानं घेतलं ते या प्रसंगामुळे, असं तिची चरित्रं सांगतात.

पैसे कुठून आले?

न्यू जर्सीत आणि नंतर व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं शिक्षण झालं. हॅम्प्टनच्या डॉक्टर मार्था वॉल्ड्रन फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकलेल्या होत्या. सुझननंही तिथंच जावं असं त्यांना वाटत होतं. अडचण होती पैशांची.

इथं अॅलिस फ्लेचर मदतीला आल्या. या मानववंशशास्त्रज्ञ बाई ओमाहांचा अभ्यास करायला आल्या होत्या. तिथं त्या आजारी पडल्या, तेव्हा सुझननं त्यांची शुश्रूषा केली होती. मूळनिवासींसाठी काम करणाऱ्या कनेक्टिकटमधल्या एका महिला संघटनेकडे त्यांनी शब्द टाकला. सरकारच्या इंडियन खात्यानं वर्षाला १६७ डॉलर द्यायचे ठरवले आणि राहणं, पुस्तकं, प्रवास असा बाकीचा खर्च संघटनेनं उचलला.

बदल्यात काय? शिकून झाल्यावर सुझननं आपल्या लोकांत जाऊन काम करावं, ही अपेक्षा होती. शिवाय शिक्षण चालू असताना आणि पदवीनंतरची काही वर्षं तिनं लग्न करायचं नाही, असंही ठरलं. हॅम्प्टनला असताना एका मूळनिवासी तरुणाशी तिचं मन जुळलं होतं. ते नातं तिनं पुढे जाऊ दिलं नाही.

आनंदीबाईंचंच कॉलेज

या कॉलेजचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. डॉ. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये इथूनच डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सुझननं इथं प्रवेश घेतला. दोघींचं जन्मवर्षही एकच, १८६५. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण काम सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं त्या गेल्या. वय अवघं २१. आपल्या माणसांत परतून डॉक्टरकी करायचं आनंदीबाईंचं राहून गेलं. सुझनच्या वाट्याला ते आलं.

१८८९ मध्ये ३६ जणींच्या वर्गात पहिली येऊन सुझन डॉक्टर झाल्या.

बाराशे माणसं, एक डॉक्टर

ऑगस्ट १८८९ मध्ये त्या रिझर्व्हेशनवरच्या सरकारी शाळेच्या डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. काम फक्त शाळेतल्या मुलांचं होतं. पण मोठी माणसंही त्यांच्याकडेच येऊ लागली, कारण या डॉक्टरला त्यांची भाषा येत होती. काही महिन्यांतच सगळ्या जमातीची जबाबदारी त्यांच्यावर आली. बाराशेहून जास्त माणसं, दूरवर पसरलेला मुलूख आणि डॉक्टर एक.

पगार वर्षाला ५०० डॉलर. वर महिला संघटनेकडून २५० डॉलर. रस्ते धड नव्हते. बर्फातून कधी घोड्यावर, कधी घोडागाडीतून त्या मैलोन् मैल जायच्या. क्षय, इन्फ्लुएन्झा, हगवण, डोळ्यांची खुपरी असे रोग होते. रात्री कुणी आलं तर घर सापडावं म्हणून त्या खिडकीत कंदील लावून ठेवायच्या. लोक पत्रं वाचून घ्यायला आणि जमिनीच्या कागदपत्रांचा सल्ला विचारायलाही यायचे.

या कामानं शरीर खचलं. कानाचं दुखणं आधीपासून होतंच. आई आजारी होती. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आजच्या दोन वर्षांच्या हिशोबानं बघितलं, तर चार वर्षांत त्यांनी करार दुपटीनं फेडला होता.

फेडल्यानंतरही

१८९४ मध्ये त्यांनी हेन्री पिकोट यांच्याशी लग्न केलं. दोन मुलगे झाले. डॉक्टरकी मात्र थांबली नाही. बॅन्क्रॉफ्ट गावात त्या मूळनिवासी आणि गोरे, दोघांनाही तपासत. दारूनं जमातीची घरं मोडताना त्या बघत होत्या, म्हणून दारूबंदीसाठी भांडल्या. १९०५ मध्ये त्यांचे पतीही गेले, त्यामागेही दारू होतीच. त्यांच्या जमिनीचा वारसा मुलांना मिळवून देताना सरकारी कचेऱ्यांचा जो त्रास झाला, त्यातून त्या इतरांच्या जमिनीसाठीही उभ्या राहिल्या. १९१० मध्ये जमातीच्या शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनलाही गेल्या.

पुढे वॉल्टहिल गावात राहून त्यांनी साध्या गोष्टींसाठी मोहिमा चालवल्या. माश्यांपासून अन्न झाका, सगळ्यांनी एकाच पेल्यानं पाणी पिऊ नका. क्षय याच वाटांनी घराघरात जात होता.

मनात एक इच्छा मात्र जुनी होती, रिझर्व्हेशनवर हॉस्पिटल व्हावं. ते अखेर १९१३ मध्ये वॉल्टहिलला उभं राहिलं. पैसा सरकारचा नव्हता. चर्च, क्वेकर पंथीय आणि इतर देणगीदार यांच्याकडून त्यांनी तो जमवला होता. हॉस्पिटल झालं तोवर त्यांची स्वतःची प्रकृती हाताबाहेर गेली होती. १८ सप्टेंबर १९१५ ला, पन्नासाव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं. हॉस्पिटलला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं.

मग कराराचं काय?

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य सेवा दल १९७० च्या कायद्यानं स्थापन झालं. आधी शिष्यवृत्तीच्या बदल्यात सेवा, मग १९८० च्या दशकात सेवेच्या बदल्यात कर्जफेड अशा योजना आल्या. मूळनिवासींच्या आरोग्य सेवेसाठीही वेगळी कर्जफेड योजना आहे. म्हणजे सुझनच्या वेळी एका संघटनेनं आणि एका खात्यानं मिळून जे केलं, त्याचं आता धोरण झालं आहे.

पण त्यांचं आयुष्य या धोरणातली उणीवही दाखवतं. पैशाच्या करारानं डॉक्टर गावापर्यंत पोचला. पुढे मदतीला दुसरा डॉक्टर आणि रोगी ठेवायला खाटा देणं हे करारात कुठंच नव्हतं. एका माणसावर बाराशेंचा भार टाकला, तर मनानं कितीही आपला असलेला डॉक्टर चार वर्षांत थकतो. त्या टिकल्या, कारण ती माणसं त्यांची होती. प्रत्येक दुर्गम गावाला असा डॉक्टर मिळणार नाही. म्हणून बॉण्ड असो की कर्जफेड, डॉक्टर गावात आला का एवढंच विचारून भागत नाही. तिथं राहून काम करता येईल असं आपण त्याला काय दिलं, हेही विचारावं लागतं.