कॅरन कार्पेंटर : खर्जातला गोड आवाज



थोर व्यक्तींची ओळख करून देताना आपण बहुतेक वेळा महाराष्ट्रातली नावे घेतो. या अंकात आम्ही आपण राहतो त्या अमेरिकेतल्याच एका गायिकेची ओळख करून देत आहोत. पालकांपैकी अनेकांनी तिचा आवाज रेडिओवर नक्की ऐकला असेल.

कॅरन कार्पेंटरचा जन्म २ मार्च १९५० रोजी कनेटिकट राज्यात न्यू हेवन येथे झाला. तिचा थोरला भाऊ रिचर्ड लहानपणापासून सुंदर पियानो वाजवत असे. १९६३ साली हे कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनी या गावी राहायला आले. तेथील शाळेत व्यायामाचा तास टाळण्यासाठी कॅरन मार्चिंग बँडमध्ये गेली. तिच्या हाती ग्लॉकेनस्पील हे वाद्य आले, पण तिचे सगळे लक्ष ड्रमकडे! त्या काळी मुली ड्रम क्वचितच वाजवत. कॅरनने हट्ट धरला, मेहनत केली आणि ती तरबेज ड्रमवादक झाली. गायिका म्हणून तिचे नाव त्यानंतर झाले.

१९६९ मध्ये ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने या भावंडांशी करार केला. १९७० साली 'क्लोज टू यू' हे त्यांचे गाणे अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

आम्हांला मात्र सांगायचे आहे ते १९७२ च्या 'गुडबाय टू लव्ह' या गाण्याविषयी. त्याची जन्मकथा गमतीची आहे. १९४० सालच्या 'ऱ्हिदम ऑन द रिव्हर' या चित्रपटात या नावाच्या एका गाजलेल्या गाण्याचा उल्लेख येतो, पण ते गाणे काही ऐकायला मिळत नाही! रिचर्डने तो चित्रपट पाहिला आणि ते गाणे आपणच करायचे ठरवले. चाल त्याची, शब्द जॉन बेटिस यांचे आणि आवाज कॅरनचा. आपल्या भावगीतातही कवी, संगीतकार आणि गायक असे तिघे एकत्र येतात, तसेच हे.

प्रेमात निराश झालेली एक मुलगी यापुढे प्रेमाची वाट पाहणार नाही असे ठरवते, एवढाच गाण्याचा विषय. काही मुलांना अशी गाणी रडकी वाटतात. पण नीट ऐका. कॅरन हुंदका देत नाही, आवाज चढवत नाही. खालच्या सुरात, अगदी संथपणे गाते. ओळी इतक्या लांब आहेत की श्वास घ्यायला जागाच सापडत नाही. तिच्याबरोबर म्हणून पाहा म्हणजे कळेल! शेवटी टोनी पेलुसो यांची खरखरीत इलेक्ट्रिक गिटार येते आणि जे दुःख कॅरनने आवरून धरले होते ते जणू मोकळे होते. हळुवार गाण्यात असली गिटार काही चाहत्यांना मुळीच रुचली नाही. त्यांनी रागाची पत्रे पाठवली. तरीही गाणे सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पुढे हळुवार गाण्यांत अशी गिटार नेहमीची झाली.

याच वर्षांत कॅरनला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार जडला. यात माणूस वजन वाढेल या भीतीने अन्न टाळतो. हा हट्ट नव्हे, मनाचा आणि शरीराचा गंभीर आजार आहे. त्या वेळी फार थोड्या लोकांना त्याचे नाव माहीत होते. १९७५ मध्ये तब्येतीमुळे तिला इंग्लंडचे कार्यक्रम रद्द करावे लागले. १९८२ मध्ये तिने न्यूयॉर्कला उपचार घेतले, पण शरीर फार थकले होते. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी डाउनी येथे हृदय बंद पडून तिचे निधन झाले. ती अवघी ३२ वर्षांची होती. तिच्या जाण्यानंतर या आजाराविषयी घराघरांत बोलले जाऊ लागले.

आज पुष्कळ लोक हे गाणे तिचीच कहाणी समजून ऐकतात. आम्हांला ते पटत नाही. शब्द दुसऱ्याचे होते. तिचे स्वतःचे होते ते कष्ट, दम आणि सूर. त्यासाठी तिची आठवण ठेवावी.

पालकांना एक विनंती. गणपतीला किंवा दिवाळीच्या जेवणाला कोणी भेटले की जाड झालीस, बारीक झालास, असे आपण सहज बोलून जातो. त्याऐवजी, हल्ली कोणते गाणे ऐकतेस, असे विचारून पाहू या. आणि मुलांनो, जेवणाची किंवा वजनाची भीती वाटू लागली, तर आईबाबांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगा. सांगण्यात लाज कसली?