न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : जागरूक नागरिकाचा आदर्श

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लामची जुनी, देखणी इमारत तुमच्या नजरेस पडते. ती १८९३ साली पुरी झाली. ज्या मंडळींनी या संस्थेचा पाया घातला, त्यांत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे प्रमुख होते. बॅरिस्टर, काँग्रेसचे अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायाधीश ही त्यांची ओळख तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल. परंतु हायस्कूलच्या मुलामुलींना हक्क म्हणजे काय आणि ते कसे बजावावेत हे शिकवायचे झाले, तर या थोर पुरुषाचे चरित्र हाच एक उत्तम पाठ आहे. तो आपल्या शाळांतून शिकवला जावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. त्यांचे वडील मुल्ला तय्यबअली हे नावाजलेले व्यापारी होते. इंग्रजी शिक्षणाकडे समाज संशयाने पाहत असे, त्या काळात या दूरदर्शी गृहस्थाने मुलांना विलायतेस धाडले. वडील बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर होऊन आले. बद्रुद्दीन १८६० साली गेले. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण त्यांनी जिद्द सोडली नाही. पुन्हा जाऊन १८६७ साली ते बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

वकिलीत जम बसला. एवढ्यावर ते सुखाने राहू शकले असते. पण १८७२ च्या कायद्याने मुंबई नगरपालिकेच्या ६४ सभासदांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले, आणि १८७३ साली बद्रुद्दीन निवडून आले. त्या वेळी मत फक्त ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांना होते. हमालाला नव्हते, गिरणीतल्या मजुराला नव्हते. तरीही जो थोडासा दरवाजा उघडला होता, त्यातून आत शिरून काम करावे, असा त्यांनी विचार केला. वाचकहो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हक्क अपुरा आहे म्हणून ते घरी बसले नाहीत.

पुढे फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे त्रिकूट मुंबईच्या सार्वजनिक जीवनात गाजले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. जिल्ह्यातील हिंदी न्यायाधीशाने युरोपियन आरोपीचा खटला चालवावा की नाही, असा तो प्रश्न होता. या तिघांनी टाऊन हॉलच्या सभेत समानतेची बाजू मांडली. १८८५ साली त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्यांची रीत ठरलेली असे : आधी कायदा वाचायचा, माहिती गोळा करायची, मग सभा घ्यायची, ठराव करायचा आणि सरकारकडे रीतसर अर्ज धाडायचा. आपला विद्यार्थी आज हीच रीत शिकेल तर किती बरे होईल!

आता अंजुमनकडे वळू. १८७४ साली बद्रुद्दीन, कमरुद्दीन व त्यांचे सहकारी यांनी ही संस्था काढली आणि १८८० साली शाळा सुरू केली. शिक्षणाविना हक्क म्हणजे कुलूप लावलेली पेटी, हे त्यांना उमगले होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची कैफियत मांडली. आपल्या मुलींनाही त्यांनी शाळेत घातले. तो काळ पाहता हे धाडसच होते.

१८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले मुसलमान. सर सय्यद अहमद खान यांना हे मान्य नव्हते. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटला नाही. पण बद्रुद्दीन यांनी आदर सोडला नाही. इतकेच नव्हे, सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या शैक्षणिक परिषदेचे अध्यक्षपद १९०३ साली मुंबईत त्यांनी भूषविले, आणि तेही आपली काँग्रेसनिष्ठा न लपवता. मतभेद असूनही समाजकार्यात एकत्र कसे यावे, याचा हा धडा.

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. ऑगस्टमध्ये बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला, तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला. सरकारचा रोष उघड होता. न्यायमूर्तींनी साधा विचार केला : आरोप अजून शाबीत झालेला नाही, खटल्यास अवकाश आहे, उद्या हा मनुष्य निर्दोष ठरला तर तुरुंगातले दिवस त्याला कोण परत देणार? आणि बचावाची तयारी तो कोठडीतून कशी करणार? त्यांनी जामीन मंजूर केला. पुढे दुसऱ्या न्यायाधीशापुढे टिळकांना शिक्षा झाली, हे खरे. परंतु आरोपी कोणत्या धर्माचा, कोणत्या मताचा, याकडे न पाहता कायद्याने जे त्याचे, ते त्याला मिळाले.

१९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

पालकहो, शिक्षकहो, आता आपल्या मुलांकडे पाहा. संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. १९८९ पासून त्यासाठी वयाची १८ वर्षे पुरी असावी लागतात. म्हणजे आज दहावीत बसलेली मुलगी दोन-तीन वर्षांत मतदार होणार. अटक झाली तर तिचे कारण कळण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणीही नागरिक कचेरीकडे माहिती मागू शकतो व साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. हे मुलांना ठाऊक आहे काय? परीक्षेपुरते पाठ केलेले नागरिकशास्त्र निकालाबरोबर विसरले जाते. म्हणून त्यांना नगरपालिकेची सभा दाखवा, गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल स्वतः अर्ज लिहायला लावा, वर्गात विरुद्ध बाजूनेही बोलायला शिकवा. आणि मुख्य म्हणजे, जो हक्क आपल्याला हवा तो न आवडणाऱ्या माणसालाही द्यावा लागतो, हे त्यांच्या मनावर बिंबवा.

असे विद्यार्थी आपल्या शाळांतून बाहेर पडले, तर तय्यबजींचे खरे स्मारक तेच ठरेल.