हृदयाच्या झडपा आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन



या अंकात आम्ही डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जीवन-परिचय देत आहोत. पण त्याआधी हृदयाविषयी थोडे.

आपल्या हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारपंपाचा फुटवॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. झडपांचे कामही तसेच. दिवसभरात त्या सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्यांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयाला कर्मभूमी मानले. हे महापालिकेचे रुग्णालय. तेथे गोरगरीब येत, आणि त्यांत डाव्या बाजूची मिट्रल झडप आकसलेले तरुण रुग्ण पुष्कळ असत. रक्त पुढे सरकेना, फुफ्फुसांत साचू लागे, चार पावलांत धाप लागे. १९५० च्या दशकात डॉ. सेन यांनी अशा झडपा शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्यास आरंभ केला. धडधडत्या हृदयात बोट घालून, डोळ्यांनी न पाहता, केवळ स्पर्शाने हे काम करावे लागे.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. दुसरा प्रयत्नही टिकला नाही. तरी त्यांनी दाखविलेली वाट बंद झाली नाही. १९९४ मध्ये दिल्लीला डॉ. वेणुगोपाल यांना त्यात यश मिळाले. डॉ. सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. ते चित्रेही काढीत. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रत्यारोपणामुळे त्यांचे नाव झाले. आम्हास मात्र त्यांचे झडपांचे काम अधिक जवळचे वाटते, कारण त्या आजाराची सुरुवात शाळेच्या वयातच होते. जंतूंमुळे घसा सुजतो, त्यावर उपचार होत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. सांधे बरे होतात, पण झडपेवरचा व्रण राहून जातो. वेळेवर दिलेले पेनिसिलीन हे सारे टाळू शकते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : मुलाचा घसा दुखून ताप आला, तर घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांना दाखवा, आणि औषधे सांगितली तितके दिवस पूर्ण द्या. मुलांनो, घसा दुखत असेल तर लपवू नका, वर्गशिक्षकांना सांगा.