आठव्या नियमाचा कर्ता

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात डोक्यावरून विमानांचा बाण सरसरत जातो, तेव्हा टीव्हीपुढे बसलेली नातवंडंच काय, आजी-आजोबाही श्वास रोखून पाहतात. इतकी जवळ, आणि तरी पंखाला पंख लागत नाही! आकाशातली ही सोबतीची शिस्त ज्यांनी प्रथम शिकवली, त्यांत एका जर्मन शाळामास्तराच्या मुलाचं नाव फार वरचं आहे. ओस्वाल्ड बोल्के.

१९ मे १८९१ रोजी हाले शहराजवळ तो जन्मला. दम्यानं बेजार झालेलं पोर, पण वेड मात्र सैन्याचं. शाळकरी वयात त्यानं चक्क कैसरला पत्र धाडून लष्करी शाळेत जागा मागितली. ती मिळालीही, आईवडीलच नको म्हणाले. पुढे १९११ मध्ये तो तारायंत्राच्या पलटणीत शिरला आणि १९१४ मध्ये वैमानिक झाला. १९१५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या दुए गावी कालव्यात बुडणारा एक फ्रेंच मुलगा त्याला दिसला. मुलगा शत्रूचा, पण यानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेऊन त्याला वर काढलं. जानेवारी १९१६ मध्ये जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान त्याला मिळाला, त्याचा साथीदार इमेलमान याच्याबरोबरच.

त्याच जूनमध्ये इमेलमान पडला. आणखी एक वीर गमवायला नको म्हणून कैसरनं बोल्केला आघाडीवरून दूर केलं. या सक्तीच्या विश्रांतीच्या सुमारास त्यानं हवाई लढाईचे आठ नियम लिहून काढले. सूर्य पाठीशी ठेवा, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, असे साधे, कारकुनी टिपणासारखे. आठवा नियम टोळीचा होता. चार-सहा जणांनी मिळून हल्ला करावा. आणि झुंज विस्कटली, की दोघांनी एकाच शत्रूच्या मागे लागू नये.

आमच्या बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. नव्या कारकुनाला त्याची गंमत वाटे. त्यामागे कुणाचा तरी पस्तावा असतो, हे कळायला वर्षं जात. बोल्केचे नियमही तसेच, अनुभवातून आलेले.

ऑगस्ट १९१६ मध्ये त्याच्याकडे नवी तुकडी आली. माणसं त्यानं स्वतः निवडली. त्यात तरुण रिख्टहोफेन होता आणि सदतीस वर्षांचा एर्विन बोमे. नवी विमानं येईपर्यंत पोरांना लढाईला बंदी. सकाळी बोल्के एकटाच उडे. परतल्यावर त्याची हनुवटी दारूच्या धुरानं काळी असली, की काय ते सगळे समजत. बाकी वेळ शिकवणी. विमानात बिनतारी यंत्र नव्हतं. बोलणं नाही, सारा कारभार नजरेचा. पुढच्यानं पंख हलवला, की मागच्यानं ओळखायचं. एकट्याच्या पराक्रमाची ज्यांना हौस, त्यांना जागा धरून उडायला लावणं सोपं नव्हतं. १७ सप्टेंबरला पाच जणांना घेऊन तो निघाला आणि रिख्टहोफेनला पहिला विजय मिळाला.

२८ ऑक्टोबर १९१६. दिवसातलं सहावं उड्डाण. बोल्के आणि बोमे एकाच ब्रिटिश विमानाच्या मागे लागले. हो, ज्यानं नियम लिहिला तोच. दुसऱ्या विमानाचा पाठलाग करत रिख्टहोफेन आडवा आला. टाळण्यासाठी दोघे वळले, आणि वळताना एकमेकांना दिसेनासे झाले. बोमेच्या विमानाची चाकं बोल्केच्या वरच्या पंखाला घासली. घाव छोटासा, पण पंख टिकला नाही. विमान घरंगळत खाली आलं. बोल्केनं पट्टा बांधला नव्हता, डोक्यावर शिरस्त्राणही नव्हतं. चाळीस विजय नावावर, वय पंचवीस.

ब्रिटिश वैमानिकांनी त्याच्यासाठी आकाशातून पुष्पचक्र टाकलं. चौकशीत बोमेचा दोष नाही असं ठरलं. त्याचं मन मात्र ते मानेना. डिसेंबरात तुकडीला बोल्केचं नाव देण्यात आलं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्या तुकडीचं नेतृत्व बोमेकडेच आलं. २९ नोव्हेंबरला तोही आकाशातच मारला गेला.